टाकीतलं पाणी

१९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने एक अचाट शर्यत जाहीर केली. शिडाच्या बोटीतून, एकट्याने, कुठेही न थांबता आणि कोणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा! नऊ जण निघाले, पूर्ण केली फक्त रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, ३१२ दिवसांत. त्याची 'सुहैली' ही ३२ फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

बिचाऱ्या डोनाल्ड क्रोहर्स्टवर सिनेमे निघाले. मला मात्र या शर्यतीतला चे ब्लाईथ जास्त आठवतो. गडी १९६६ मध्ये जॉन रिजवेबरोबर वल्ही मारत अटलांटिक ओलांडलेला, पण शिडाच्या बोटीचा अनुभव जवळपास शून्य! ८ जून १९६८ ला निघाला. दक्षिण अटलांटिकमध्ये त्याच्या लक्षात आलं की जनरेटरचं इंधनच खराब झालंय. जनरेटर बंद म्हणजे रेडिओ बंद. १५ ऑगस्टला तो ट्रिस्टन दा कून्हा बेटापाशी पोचला. तिथे नांगरलेल्या मालवाहू जहाजाच्या स्कॉटिश कप्तानाने त्याला वर बोलावलं. हाही स्कॉटिश, नाही कसं म्हणणार? जहाजाच्या इंजिनियर लोकांनी जनरेटर दुरुस्त केला, ताजं इंधनही भरून दिलं. झालं, नियमाप्रमाणे शर्यत तिथेच संपली.

आता बोटीच्या टाकीत पाणी शिरतं कुठून? डेकवरच्या झाकणाचा रबरी वॉशर कडक होतो, तिथून. किंवा टाकीची हवा बाहेर जायची नळी बोटीच्या कडेला खाली उघडत असेल, तर बोट कलंडली की लाट सरळ आत. पाणी जड, म्हणून तळाशी बसतं. लोखंडी टाकी तिथूनच गंजते. शांत समुद्रात काही कळत नाही. वादळात सगळा गाळ ढवळून इंजिनाकडे जातो. म्हणजे इंजिन नेमकं हवं तेव्हाच बंद!

जुन्या बोटीत टाकी बदलणं हे तर आपल्या लेगसी कोडसारखं प्रकरण. आधी टाकी बसवलेली असते, मग तिच्यावर केबिन उभी राहिलेली. अख्खी टाकी बाहेर काढायची तर फर्निचर कापा! म्हणून बरेच जण जुनी तुकडे करून काढतात आणि जागेत मावतील अशा दोन छोट्या टाक्या बसवतात. हे उलट बरंच. एकीत पाणी गेलं तरी दुसरी शाबूत. फक्त डिझेल इंजिन न वापरलेलं इंधन परत पाठवतं, ती नळी ज्या टाकीतून इंधन घेतलं तिथेच जायला हवी. नाहीतर एक रिकामी आणि दुसरी ओसंडून वाहतेय!

नॉक्स-जॉन्स्टनच्याही टाक्यांनी दगा दिला होता बरं का. दक्षिण महासागरात त्याच्या गोड्या पाण्याच्या टाक्या दूषित निघाल्या. पण पाणी आकाशातून पडतं. शिडावरून ओघळणारा पाऊस गोळा करून त्याने निभावलं. रेडिओही बिघडला, तेव्हा तो मुका होऊन पुढे जात राहिला. पेट्रोल काही आकाशातून पडत नाही, पण खरं तर ब्लाईथलाही रेडिओशिवाय जाता आलं असतं. घरी बायकोला निरोप पोचवायचा होता त्याला. यात त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

असो. पुढे १९७०-७१ मध्ये ब्लाईथ 'ब्रिटिश स्टील' ही ५९ फुटी बोट घेऊन पुन्हा निघाला, वाऱ्याच्या उलट दिशेने, पश्चिमेकडे. २९२ दिवस, एकटा, कुठेही न थांबता.