एक तृतीयांश मत

नागरिकशास्त्राच्या तासाला घटनादुरुस्तीचा धडा आला की पोरं जांभया द्यायची. मग मी फळ्यावर दोन आकडे लिहायचो. बाजूनं 149, विरोधात 75. "बिल पास का नापास?" सगळा वर्ग ओरडायचा, "पास!" मी म्हणायचो, "नापास." तेवढ्यानं पोरं सरळ बसायची.

आकडे राज्यसभेतले, 5 सप्टेंबर 1970चे. वार शनिवार, आणि वर शिक्षकदिन. विषय होता संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचा. संस्थानं विलीन करून घेताना सरदार पटेलांनी राजांना सालीना तनखा आणि मानमरातब कायम राहतील असा शब्द दिला होता. तो घटनेच्या 291 आणि 362 या कलमांत लिहिला गेला. म्हैसूरच्या महाराजांना वर्षाला 26 लाख, तर सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या संस्थानिकाला 192 रुपये!

आमच्या सातारा-सांगलीला हा वाद परका नव्हता. सांगलीचे पटवर्धन, मिरजेच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पटवर्धन, जतचे डफळे, फलटणचे निंबाळकर, औंधचे पंतप्रतिनिधी. एवढ्याशा मुलखात इतके राजे, आणि त्यांच्या मधूनमधून इंग्रजांची हद्द. संस्थानं 1948 साली विलीन झाली, पण राजेपण लोकांच्या मनातून लगेच उतरलं नाही. 1962 साली सांगलीनं जतच्या विजयसिंहराजे डफळ्यांना काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पाठवलंच की.

उलट बाजूही आमच्याच मातीतली. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानाची घटना जाहीर केली आणि आपल्या 72 गावांचा कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. मागं ना फौज लागली होती ना कोर्ट. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं ठाणं असलेलं कुंडल याच औंध संस्थानातलं. तिथून जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे.

तनख्यांच्या प्रकरणात ही दोन्ही माणसं संसदेत होती. यशवंतराव गृहमंत्री असताना राजांशी बोलणी करायचं काम त्यांच्याकडं आलं. ती फिसकटली आणि मे 1970 मध्ये त्यांनी घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं. जूनअखेर ते अर्थमंत्री झाले. तेव्हा ते नाशिकचे खासदार होते. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील त्याच लोकसभेत बीडमधून कम्युनिस्ट पक्षातर्फे निवडून आले होते, आणि त्यांचा पक्ष या विधेयकाच्या बाजूनं होता.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होतं, असं मला आजही वाटतं. सरकारचं म्हणणं, जन्मानं मिळालेला मान आणि बिनकामाचा पैसा लोकशाहीत बसत नाही. राजांच्या बाजूचे म्हणत, रकमेचं सोडा; सगळे तनखे मिळून वर्षाला पाच कोटीसुद्धा होत नाहीत. पण राष्ट्रानं घटनेत लिहून दिलेला शब्द बहुमत आहे म्हणून फिरवायचा का? आज राजांचा फिरवाल, उद्या कुणाचा?

लोकसभेनं 2 सप्टेंबरला विधेयक मंजूर केलं. तीन दिवसांनी राज्यसभेत मतदान झालं. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. 149 आणि 75 मिळून 224. त्याचे दोन तृतीयांश 149 पूर्णांक एक तृतीयांश. माणसाचं मत तर अख्खंच असतं, म्हणजे 150 हवे होते. देशाचं सरकार एक तृतीयांश मतानं हरलं.

खरा धडा इथून पुढं सुरू होतो. सरकारनं आडवाट धरली. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, राष्ट्रपतींच्या आदेशानं सगळ्या राजांची मान्यता एकदम काढून घेतली. राजाच उरला नाही तर तनखा कुणाला द्यायचा, असा तो हिशेब. राजे सर्वोच्च न्यायालयात गेले. नानी पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली आणि 15 डिसेंबर 1970 रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठानं नऊ विरुद्ध दोन अशा बहुमतानं तो आदेश रद्द केला. त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. 1971च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना 352 जागा मिळाल्या. यशवंतराव या वेळी साताऱ्यातून निवडून आले. डिसेंबर 1971 मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे कायमचे गेले.

आमच्याकडं ही गोष्ट "एका मतानं राजे वाचले" अशी सांगतात. मला ती अपुरी वाटते. वाचले ते जेमतेम सव्वा वर्ष. त्या शनिवारनं एवढंच केलं, की घाईत असलेल्या सरकारला थांबवून लोकांकडं जायला लावलं. तनखे जायलाच हवे होते. भवानरावांनी राज्यच सोडून दाखवलेल्या मुलखातल्या माणसानं दुसरं काय म्हणावं? पण ते रविवारच्या आदेशानं गेले असते तर पुढच्या प्रत्येक सरकारला तीच वाट सोपी वाटली असती. संसदेत मोजणी काटेकोर असते ती हरणाऱ्याच्या रक्षणासाठी, आणि तिचा जाच ताकदवान सरकारला सोसावा लागतो, हेच तिचं मोल. योग्य काम चुकीच्या वाटेनं झालं की त्या वाटेनं उद्या अयोग्य कामंही होतात.