कोडाईकनाल : तलावाची प्रदक्षिणा आणि शोलावने

तमिळनाडूतील पलणी डोंगररांगेत, दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर असलेला कोडाईकनालचा ताराकृती तलाव नैसर्गिक नाही. मदुराईचे तत्कालीन जिल्हाधिकारी व्हेअर हेन्री लेव्हिंज यांच्या पुढाकाराने १८६३ मध्ये तो बांधण्यात आला. काठावरचा सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता बहुतांशी सपाट असल्याने मुले व ज्येष्ठांसह दीड-दोन तासांत प्रदक्षिणा होते. कड्यालगतचा ‘कोकर्स वॉक’ जेमतेम एक किलोमीटरचा. धुके दाटण्यापूर्वी, सकाळीच गाठावा.

पर्यटकांच्या छायाचित्रांतील पाइनवन मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी लावलेले, मूळचे परके. येथील खरे अरण्य म्हणजे घळींतील बुटके, दाट शोलावन. शोला आणि भोवतालची कुरणे पावसाचे पाणी धरून ठेवतात व ते सावकाश ओढ्यांत सोडतात. वॅटल आणि निलगिरीच्या लागवडीने या कुरणांचा मोठा भाग गिळला. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी याच कुरणांतली. तिचा मागील बहर २०१८ चा.

वाहनांची गर्दी आवरण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे २०२४ पासून ई-पासची पद्धत लागू झाली. जंगलातील बेरिजम तलावाकडे जाण्यास वनखात्याची परवानगी लागते. गवे शहराच्या रस्त्यांवरही येतात. तेव्हा मुलांना जवळ घेऊन दूरच थांबावे.