भाणकांचा संघ आणि आपली कपाटे

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके धम्म लिहिलेला नव्हता, माणसांच्या तोंडी होता. मग तो टिकला कसा? भिक्खूंची स्मरणशक्ती दांडगी होती, असे पुष्कळ उपासक सांगतात. आम्हांला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. दांडगी स्मरणशक्ती माणसाबरोबर चितेवर जाते. संघाने काम वाटून दिले, म्हणून धम्म टिकला.

राजगृहाच्या पहिल्या संगीतीत उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला. पुढे दीघनिकाय आनंदांकडे, मज्झिम सारिपुत्तांच्या शिष्यांकडे, संयुत्त महाकस्सपांकडे, अंगुत्तर अनुरुद्धांकडे सोपवला, असे अट्ठकथा सांगते. या पाठकांना भाणक म्हणत. सगळे एकाला पाठ नसले तरी चालेल, पण एक भाग पुष्कळांना पाठ हवा आणि तो मिळून म्हणायचा. एक चुकला की शेजारचा अडवणार. गिरणीत रिंग खात्यात तुटलेला धागा सांधायला आम्ही असेच शिकलो, शेजारच्याच्या हाताकडे बघून. पुस्तक कुठलं तिथे!

ही गोष्ट लांबची नाही. पाचगणीचा घाट उतरला की वाईजवळ लोहाऱ्याची लेणी, पुढे कराडला आगाशिवाच्या डोंगरात लेणी. १८७३ साली कनिंगहॅम साहेबांना मध्य प्रदेशात भारहूतचा स्तूप सापडला. त्याच्या कठड्यावर 'करहकट' गावाचे दान कोरलेले आहे. करहकट म्हणजे आपले कराड! त्याच स्तूपावर इसिपालित नावाच्या भाणकाचेही दान आहे, आणि हा भाणक बांधकामावर देखरेखही करीत होता.

पण वाटणी मोडली की काय होते, तेही बघा. सिंहलद्वीपात मोठे संकट आले, तेव्हा 'महानिद्देस' एकाच भिक्खूला येत होता आणि त्याचे आचरण वाईट होते. महारक्खित थेर त्याच्याकडे शिकायला तयार होईनात. वडील थेर म्हणाले, शिक, मी शेजारी बसतो. ते शिकले, मग त्यांच्याकडून इतर शिकले. त्रिपिटक लिहून काढला गेला तो त्याच देशात, इ.स.पूर्व पहिल्या शतकात.

आपल्याकडे दुष्काळ नसतानाही तीच गत. एका मंडळाचे चिटणीस वारले, तर जागेचा उतारा कुठे ठेवलाय ते कोणालाच ठाऊक नाही. सहा महिने कचेरीत हेलपाटे. म्हणून आम्ही आमच्या विहारात उताऱ्याच्या झेरॉक्स पाच घरांत ठेवल्या आहेत. परित्राणपाठ तीन पोरी आणि एक पोरगा शिकताहेत. कपाटाची तिसरी किल्ली कोणाकडे द्यायची, यावर मात्र दर पौर्णिमेला भांडण चालू आहे.