राल्फचा केक आणि एक्स्टेन्शन ३०४

गेल्या शनिवारी ताई-दाजी एका लग्नाला गेले आणि भाचीला सांभाळायची ड्युटी माझ्यावर आली. मी सोपा मार्ग काढला, 'रेक-इट राल्फ' लावला. डिस्नेचा २०१२ चा सिनेमा. शाळेत असताना पाहिला होता तेव्हा मला त्यातली फक्त रेसिंग आवडली होती.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: राल्फ हा एका जुन्या व्हिडिओ गेममधला व्हिलन. तो बिल्डिंग फोडतो, फेलिक्स ती दुरुस्त करतो आणि मेडल फेलिक्सला. गेमला ३० वर्षं झाल्याची पार्टी असते, केक असतो, पण राल्फला बोलावणंच नाही. राहायला बिचाऱ्याला विटांचा ढिगारा.

"मामा, तो नसेल तर गेम कसा होणार?" भाचीचा प्रश्न. बरोबरच आहे! पुढे राल्फ निघून जातो तेव्हा नेमकं तेच होतं, मशीनवर 'बंद आहे'ची पाटी लागते.

तर मंडळी, फेलिक्सचा हा गेम खरा नाही, सिनेमासाठी रचलेला आहे. पण तो ज्याच्यावरून उघडउघड उचललाय तो 'डाँकी काँग' (१९८१) खरा. लहानपणी माझ्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, त्याच्या कॅसेटमध्येही तो होता. वर माकड, खाली शिड्या, गडगडत येणारे पिंप.

त्याचा जन्म मात्र गोदामातला. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या शाखेने 'रडार स्कोप' नावाच्या गेमची सुमारे ३००० मशिन्स मागवली आणि त्यातली जेमतेम १००० खपली. उरलेल्या मशिन्समध्ये बसेल असा नवा गेम करा, असं काम शिगेरू मियामोतोकडे आलं. त्याला पॉपायची पात्रं हवी होती, हक्क मिळाले नाहीत. मग ब्लूटोच्या जागी माकड आलं आणि पॉपायच्या जागी एक मिशीवाला सुतार, जो पुढे मारिओ झाला. गंमत म्हणजे १९८२ च्या 'डाँकी काँग ज्युनियर'मध्ये हाच मारिओ व्हिलन आहे. माकडाला पिंजऱ्यात कोंडतो आणि त्याचा पोरगा सोडवायला येतो. म्हणजे व्हिलन हा नुसता रोल, रिलीजगणिक बदलणारा :)

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण मियामोतो डिझाईन शिकलेला, प्रोग्रामर नव्हे. मग कोड कुणी लिहिला?

इकेगामी त्सुशिन्की नावाच्या कंपनीने. मूळ धंदा टीव्ही स्टेशनचे कॅमेरे वगैरे बनवण्याचा. निन्टेन्डोने काम बाहेर दिलं होतं, आपल्या भाषेत आउटसोर्स. गेमवर त्या लोकांची नावं नाहीत. पुढे 'ज्युनियर'साठी निन्टेन्डोने तो कोड उलगडून वापरला, म्हणून इकेगामी १९८३ मध्ये कोर्टात गेली. तडजोड व्हायला १९९० उजाडलं. तोवर मारिओ जगभर घराघरात पोचला होता.

(त्या कोडमध्ये एक प्रसिद्ध बगही आहे. वेळ मोजताना लेव्हलमध्ये ४ मिळवून १० ने गुणतात. २२व्या लेव्हलला उत्तर येतं २६०, पण आठ बिटांत मावतं २५५ पर्यंतच. उरतात ४, आणि मारिओ काही सेकंदांत मरतो. टेस्टरला दोष देऊ नका, इतक्या लांब कोण खेळणार होतं!)

हे मला का लागलं ते सांगतो. आधीच्या कंपनीत आमच्या प्रोजेक्टचा गो-लाइव्ह झाला. त्या रात्री आम्ही सपोर्टवाले चौघे पहाटे चारपर्यंत डेटाबेस सांभाळत बसलो होतो. सोमवारी केक कापल्याचे फोटो मेलवर आले. मेल ज्यांना गेला त्या यादीत आम्ही होतो, पार्टीच्या यादीत नव्हतो. केक फोडावासा वाटतो हो कधीकधी!

इकेगामीच्या पोरांनी केक फोडला नाही. डाँकी काँगच्या रॉममध्ये एक निरोप दडवलेला आहे. खेळणाऱ्याला तो कधीच दिसत नाही, कोड उघडून बसणाऱ्यालाच सापडतो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आधी अभिनंदन, मग: हा प्रोग्रॅम समजायला अवघड जात असेल तर आम्ही शिकवू. खाली फोन नंबर, एक्स्टेन्शन ३०४ आणि कंपनीचं नाव. माणसाचं नाव तिथेही नाही.

असो. भाची उठली आहे, दुसरा भाग लावायचा हुकूम आहे.