वन-मृदा कार्बन (रत्नागिरी जिल्हा)

पाने, मुळे व सूक्ष्मजीव यांच्यामुळे जंगलाच्या मातीत साठणारा सेंद्रिय कार्बन. वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात पातेरा झपाट्याने कुजतो आणि त्यातला बराच कार्बन सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून हवेत परततो. उरलेला, विशेषतः मृत सूक्ष्मजीवांचे अवशेष, जांभ्या मातीतील लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटून दीर्घकाळ टिकतो. याच ऑक्साइडांनी स्फुरदही जखडलेले असते. ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या मुळांत वसणाऱ्या सहजीवी बुरश्या ते झाडाला मिळवून देतात व बदल्यात शर्करा घेतात. त्यांच्या धाग्यांनी मातीचे कण बांधले जाऊन आतला कार्बन सुरक्षित राहतो. मात्र मुळांतून पाझरणाऱ्या शर्करेने चेतलेले जिवाणू जुना ह्यूमसही खाऊ शकतात. म्हणून जास्त मुळे म्हणजे जास्त साठा, असे सरसकट मानणे चूक ठरते.

हे चक्र पाहावे ते देवराईत. पातेऱ्याचा वरचा थर हाताने सारला की कुजविणाऱ्या बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली, जाळीदार झालेली पाने दिसतात. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, झाडांचे कवळ (पालेदार फांद्या) तोडून जाळल्यास त्या झाडांखालच्या मातीचा पातेऱ्याचा पुरवठा तुटतो. उतारावरचे जंगल साफ झाले, तर वरची कार्बनसमृद्ध माती पावसाबरोबर वाहून जाते आणि खाली उघडा कातळ राहतो.