विळ्याचा आकार कुणाचा?

विषय कृत्रिम पेशींचा आणि ठिकाण आलापल्ली, ही जोडी काहींना विचित्र वाटली असेल. पण प्रथिनं पेशीच्या पटलाला कसा आकार देतात, हा प्रश्न या भागातल्या कित्येक घरांत आधीच येऊन बसलेला आहे. घरात त्याचं नाव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा.

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या वाकड्या तांबड्या पेशींची नोंद छापली. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवलं की प्राणवायू काढून घेतला की या पेशी वाकतात, परत दिला की पूर्ववत होतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिन या प्रथिनात असल्याचं सिद्ध केलं. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली: बीटा साखळीत सहाव्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. फरक एवढाच. पण त्यामुळे प्राणवायू सुटला की रेणू एकमेकांना चिकटून ताठ तंतू होतात आणि पटलाला आतून रेटतात.

आपल्याकडे १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेलची नोंद झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातली नोंद ‘लॅन्सेट’मध्ये दिली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, आलापल्ली चांदा जिल्ह्यात होती. आजार मात्र इथे त्याच्या किती तरी आधीपासून होता. मलेरियाच्या मुलखात दोष एकाच पालकाकडून आलेल्या मुलाला, म्हणजे वाहकाला, मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

आता कृत्रिम पेशीकडे येऊ. १९५७ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले विद्यार्थी थॉमस चँग यांनी पातळ कृत्रिम पटलाच्या पिशवीत हिमोग्लोबिन भरलं. म्हणजे कृत्रिम पेशीचा हा आरंभीचा प्रयत्न तांबड्या रक्तपेशीचीच नक्कल होता. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसलं की मेदद्रव्यं पाण्यात घातली की आपोआप बंद पिशव्या तयार होतात. या साध्या पिशव्या सहसा गोल राहतात. त्यांना दुसरा आकार हवा असेल तर कुणीतरी तो द्यावा लागतो.

२०१८ मध्ये जर्मनीत पेट्रा श्वीला यांच्या गटाने अशा पिशव्यांमध्ये जिवाणूची दोन प्रथिनं आणि ऊर्जेसाठी एटीपी भरलं. ही प्रथिनं पटलाला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. त्या लयीत सैल पिशव्यांचे आकार बदलू लागले. पिशवीत जिवाणू नव्हता, फक्त त्याची प्रथिनं होती.

मग तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारणार: आकार कुणाचा? पटलाचा की प्रथिनाचा? याचं सगळ्यात नेमकं उत्तर रुग्णांच्या रक्तातून आलं. पेशीतलं हिमोग्लोबिन काढून टाकलं की रिकामं पटल उरतं. प्रयोगशाळेत त्याला चक्क ‘भूत’ म्हणतात. या भुतापासून १९६८ मध्ये एक प्रथिन वेगळं केलं गेलं आणि त्याला नाव मिळालं स्पेक्ट्रिन. पटलाला आतून चिकटलेली जाळी या प्रथिनाची असते.

सिकलसेलच्या काही पेशी वारंवार वाकून शेवटी प्राणवायू मिळाला तरी सरळ होत नाहीत. १९७६ मध्ये लक्स, जॉन आणि कार्नोव्हस्की यांनी अशा पेशींतलं हिमोग्लोबिन काढून टाकलं. भूत वाकडंच राहिलं. मग मेदाचं पटलही विरघळवलं. उरलेली जाळीसुद्धा वाकडीच!

आपले नैयायिक इथे अडखळले नसते. कुंभाराची काठी मोडली म्हणून घडा फुटत नाही. काठी हे निमित्त कारण. कार्य झाल्यावर ते गेलं तरी चालतं. घडा टिकतो तो अवयवांच्या संयोगावर. हिमोग्लोबिन ही काठी, आणि जाळीतली जुळणी हा संयोग. पटल आणि प्रथिनं वेगळी करून पाहिल्यावरच हा भेद हाती आला.

हा भेद पुस्तकी नाही. दुखणं उठलं की दवाखाना आणि ओसरलं की विसर, असं आपण वागतो. पण दुखणं थांबलं तरी प्रत्येक फेरीचा ठसा जाळीवर राहू शकतो. म्हणून तपासणी लहानपणीच हवी, आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिलं असेल तर ते बरं वाटत असतानाही घ्यायचं. हे औषध गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं, आणि त्यामुळे तंतू बनायलाच अडथळा येतो. काठी चाकाला लागण्याआधीच धरायची, असं समजा.

दुसरी गोष्ट लग्नाची. वाहक म्हणजे रोगी नव्हे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर मूल फार तर वाहक होईल. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. त्यातला कागद हातात आला की तो ‘खराब रक्ता’चा दाखला समजू नका. एका प्रथिनातल्या एका जागेची ती माहिती आहे. ती लपवली, तर पुढच्या पिढीला निवड करायला काहीच उरत नाही.