शाप्ताल गल्लीतले नाट्यगृह

पॅरिसच्या नवव्या विभागात सिते शाप्ताल नावाची एक बोळवजा गल्ली आहे. ती जिथे संपते तिथे पूर्वी एक प्रार्थनामंदिर होते. त्याच वास्तूत 1897 साली ओस्कार मेतेनिए यांनी ‘ग्राँ गिन्योल’ हे छोटेखानी नाट्यगृह काढले. कोरीव लाकूडकाम आणि छताखालचे देवदूत तसेच राहिले, आणि त्यांच्या देखत पासष्ट वर्षे खून, ॲसिडफेक आणि वेडाचे झटके रंगत गेले. 1962 मध्ये ते बंद पडले. आज तिथे ‘इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटर’ ही कर्णबधिर कलावंतांची संस्था आहे आणि त्याच रंगमंचावर सांकेतिक भाषेतली नाटके होतात. दिव्यांग कलावंतांच्या रंगभूमीचे मूळ शोधणारे सहसा या गल्लीत शिरत नाहीत, ते थेट शाराँतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात जातात. मला ती वाट चुकीची वाटते. या रंगभूमीला दोन घराणी आहेत. एकात डॉक्टर रुग्णाला लोकांसमोर उभा करतो, दुसऱ्यात नट स्वतःची भाषा घेऊन स्वतः उभा राहतो. शाराँतों पहिल्या घराण्यातले आहे, आणि आजची रंगभूमी दुसऱ्याची लेक आहे.

शाराँतोंची कथा मोहक आहे यात शंका नाही. पॅरिसजवळच्या या इस्पितळाचे संचालक कूल्मिए यांना नाटकाने मन बरे होते असा विश्वास होता. त्यांनी इस्पितळात रंगमंच उभारला आणि तालमींची सूत्रे तिथेच डांबून ठेवलेले बदनाम लेखक मार्की द साद यांच्याकडे दिली. राजधानीतले प्रतिष्ठित लोक प्रयोगांना येत. 1808 मध्ये मुख्य वैद्य र्वाये-कोलार यांनी पोलीसमंत्री फूशे यांच्याकडे लेखी तक्रार केली आणि 1813 मध्ये खेळ थांबले. पीटर वाइस यांच्या ‘मारा/साद’ या नाटकाने 1964 पासून हे दृश्य जगभर नेले आणि शाराँतों म्हणजे मनोरुग्णांची पहिली नाटक मंडळी, असे समीकरण पक्के झाले. पण पुढे त्याच इस्पितळाचे मुख्य वैद्य झालेले एस्किरोल यांनी 1835 मध्ये या समजुतीची मुळे उखडली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथे वेडे नाटक करतच नव्हते, संचालक लोकांना फसवत होते. मुख्य भूमिकांत बाहेरून आलेले नट-नट्या असत, आणि खेळ पाहायला बसवलेले रुग्ण हाच पाहुण्यांच्या कुतूहलाचा विषय असे. एस्किरोल हे विरोधी गटाचे वैद्य, तेव्हा त्यांचे सगळेच खरे मानू नये, असा आक्षेप येतो. काही रुग्णांना किरकोळ भूमिका मिळाल्या असतीलही. पण रंगमंच असूनही लोक पाहायला येत ते प्रेक्षागृहातल्या रुग्णांना, हा मुद्दा वैद्यांच्या भांडणाने पुसला जात नाही.

शाराँतोंची खरी वंशरेषा पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाते. तिथे 1880च्या दशकात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को आपले जाहीर वर्ग घेत. रुग्ण स्त्रीला पुढे आणायचे, संमोहनाने हिस्टेरियाचा झटका आणायचा आणि वर्गाला दाखवायचा. लेखक आणि कलावंतही ते बघायला येत. ब्रुए यांचे 1887चे प्रसिद्ध चित्र याच वर्गाचे आहे. या रुग्णालयात शार्कोंच्या हाताखाली एक तरुण मानसशास्त्रज्ञ काम करत होता, आल्फ्रेड बिने. बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी त्यांनी आपले सहकारी सिमों यांच्यासोबत 1905 मध्ये तयार केली, एवढे सर्वांना ठाऊक असते. शाळेत मागे पडणारी मुले वेगळी काढण्याच्या गरजेतून ती निघाली होती. त्याच वर्षी बिने यांचे नाव ग्राँ गिन्योलच्या जाहिरातीत झळकले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. भयनाट्याचे बादशहा आंद्रे द लोर्द यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले ‘लॉब्सेस्यों’ हे नाटक तिथे लागले. द लोर्द यांच्या 1908च्या ‘साल्पेत्रिएरमधला एक धडा’ या नाटकात रुग्ण स्त्री डॉक्टरच्या तोंडावर ॲसिड फेकते. द लोर्द आणि बिने या दोघांच्या नावावरचे ‘वेड्यांच्या घरातला गुन्हा’ बिने यांच्या मृत्यूनंतर 1925 मध्ये रंगमंचावर आले. बरी होऊन घरी जायला निघालेल्या मुलीच्या डोळ्यांत पक्षी अडकला आहे अशा समजुतीने इतर वृद्ध रुग्ण स्त्रिया तिचे डोळे फोडतात, हा त्यातला गाजलेला प्रसंग. शार्कोंचा वर्ग ते ग्राँ गिन्योल ही कडी कल्पनेची नाही, ती एका माणसाच्या नोकरीची आणि लेखनाची आहे.

गंमत अशी, की हेच बिने दुसऱ्या घराण्याच्याही दारात उभे आहेत. 1880 मध्ये मिलानला भरलेल्या बहिऱ्यांच्या शिक्षकांच्या परिषदेने बहिऱ्या मुलांना खुणांनी शिकवणे बंद करून ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायला लावावे असा ठराव केला, आणि फ्रान्सच्या शाळांतून सांकेतिक भाषा जवळजवळ शतकभर हद्दपार झाली. बिने आणि सिमों यांनी 1909 मध्ये अशा शाळांतून बाहेर पडलेल्यांची पाहणी केली आणि निष्कर्ष काढला, की हे शिक्षण चैनीचे आहे, त्याने अनोळखी माणसाशी धड संवाद साधता येत नाही आणि काम मिळायलाही मदत होत नाही. बहिऱ्यांच्या शिक्षकांनी त्यावर रान उठवले. बिने यांना खलनायक ठरवणे म्हणूनच मला पटत नाही. ज्यांचे नाटक ग्राँ गिन्योलच्या इमारतीत लोकांना वेडाची भीती घालत होते, त्यांच्याच पाहणीने त्या इमारतीच्या भावी रहिवाशांची बाजू राखली.

या दुसऱ्या घराण्याची सुरुवात मी 1799च्या डिसेंबरमध्ये धरतो, तीही उलट्या बाजूने. बहिऱ्यांचे आद्य शिक्षक आबे द लेपे यांच्यावर बुयी यांनी नाटक लिहिले, ते तुफान चालले आणि त्याच्या एका प्रयोगात खुद्द बोनापार्टच्या समोर, लेपे यांचे वारसदार आणि तेव्हा लपून बसलेले आबे सिकार यांना परत आणा, अशी मागणी प्रेक्षागृहातून झाली. पण त्यातला बहिरा मुलगा रंगवला ऐकू येणाऱ्या एका नटीने. बहिऱ्यांविषयी नाटक होते, बहिऱ्यांचे नव्हते. या चुकीची दुरुस्ती व्हायला पावणेदोनशे वर्षे लागली. 1967 मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेज यांनी ‘नॅशनल थिएटर ऑफ द डेफ’ काढले, जिथे खुणा आणि बोललेले शब्द एकाच वेळी चालत. त्याच्या संस्थापक कलावंतांपैकी फिलिस फ्रेलिक यांना समोर ठेवून मार्क मेडॉफ यांनी ‘चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड’ हे नाटक लिहिले, आणि 1980 मध्ये फ्रेलिक यांना टोनी पुरस्कार मिळाला. बहिऱ्या पात्रांच्या भूमिका बहिऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या नटांनीच कराव्यात, अशी अट मेडॉफ यांनी घालून ठेवली. 1799ला उत्तर द्यायला ही एक अट पुरेशी आहे. दरम्यान अमेरिकन बहिरे कलावंत अल्फ्रेडो कोराडो फ्रान्सला आले आणि 1970च्या दशकात फ्रेंच दिग्दर्शक ग्रेमियों यांच्यासोबत व्हँसेनच्या किल्ल्यात इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटर सुरू झाले. नकाशा पाहावा, दोन घराणी एकाच वनाच्या दोन कडांना आहेत: किल्ला व्हँसेनच्या वनाच्या उत्तर कडेला, शाराँतोंचे इस्पितळ दक्षिण कडेला. मेडॉफ यांच्या नाटकाच्या फ्रेंच प्रयोगासाठी 1993 मध्ये बहिऱ्या अभिनेत्री एमान्युएल लाबोरी यांना मोलिएर पुरस्कार मिळाला, पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या, आणि 2007 मध्ये संस्था ग्राँ गिन्योलच्या घरात नांदू लागली. इथे प्रकाशयोजनेचा अर्थच पालटतो. भयनाट्यात अंधार हे मुख्य हत्यार होते. खुणांच्या नाटकात हातावर आणि चेहऱ्यावर उजेड नसेल, तर वाक्य अर्ध्यातच तुटते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की बहिऱ्यांकडे स्वतःची पूर्ण भाषा असते, बौद्धिक अपंगत्व असलेल्या नटांकडे ती नसते, तेव्हा त्यांची रंगभूमी या कुळात कशी बसेल? झुरिकच्या ‘थिएटर होरा’चे नट घेऊन फ्रेंच नृत्यदिग्दर्शक जेरोम बेल यांनी 2012 मध्ये केलेले ‘डिसेबल्ड थिएटर’ पाहावे. सुरुवातीला एकेक नट येतो आणि मिनिटभर प्रेक्षकांकडे पाहत गप्प उभा राहतो. मग नाव, वय आणि व्यवसाय सांगतो, आणि व्यवसाय म्हणून तो ‘नट’ म्हणतो. हा शार्कोंचाच वर्ग पुन्हा भरला, असे वाटू शकते. प्रयोगात एक नट स्वतःच सांगतो, की आईला हे विकृतीचे प्रदर्शन वाटले, पण आवडलेही. शार्कोंच्या वर्गात रुग्णाला वर्गावर मत देण्याची सोय नव्हती. ऑस्ट्रेलियात जिलाँगच्या ‘बॅक टू बॅक’ मंडळीने, जी 1987 पासून काम करते, 2011च्या ‘गणेश व्हर्सेस द थर्ड राइश’मध्ये याहून पुढे पाऊल टाकले. स्वस्तिक परत आणायला गणपती नाझी जर्मनीत जातो, आणि मधूनमधून त्याच नाटकाची तालीम दिसते, जिथे दिग्दर्शकाचे पात्र नटांवर दादागिरी करते. पाहणारा आणि दाखवला जाणारा यांतला तंटा तिथे थेट कथानक झाला आहे. कर्णबधिरांच्या मंडळींकडून हे शिकलो असे कोणी लिहून ठेवलेले नाही, पण नटाचे म्हणणे संहितेच्या आत आणायची रीत या दोन्ही प्रकारच्या मंडळींत सारखीच आहे, आणि शाराँतोंत तिचा मागमूस नाही.

मराठीतही या घराण्याची एक शाखा आहे. रंगकर्मी स्वागत थोरात यांनी पुण्यातल्या 88 अंध मुलांना घेऊन ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’ उभे केले, आणि अंध कलावंतांकडून पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ही करून घेतला. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. ते नाटक ब्रेख्त यांच्या 1928च्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’वरून आले, आणि त्या मूळ नाटकात पीचम नावाचा माणूस धडधाकट लोकांना लुळे-पांगळे सजवून भीक मागायला पाठवण्याचा धंदा करतो. दुसऱ्याच्या व्यंगाचे सोंग विकणाऱ्या धंद्यावरचे नाटक खरोखरच्या अंध कलावंतांच्या हाती आले. 1799च्या त्या नटीपासून सुरू झालेला वाद इथे मराठीत येऊन पोचतो. याच कामातून थोरात यांना अंधांची वाचनाची भूक कळली, आणि 15 फेब्रुवारी 2008 रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक निघाले.